जंगूची जागा

बायजा : चाळीस किलो सांगतले न तुमी फोनवर? हे घ्या. तोडून, पुसून, क्रेटात भरून ठेवले. आता घ्याच्या टायमाले इकडं-तिकडं काय पाहून राह्यले?

गजेंद्र : घेतो न मावशी, घेतो. वांगे एक नंबर आहे.

बायजा : पाह्यलेच कुठं तुमी वांगे? आल्यापासून नजर त्या धुऱ्याकडंच आहे. तिथं आमचा बुढा सांबार-कोथिंबीर उपटून राह्यला. त्याच्यात पाहण्यासारखं काई नाई, मी लय वर्षं पाहून चुकली.

गजेंद्र : मावशी, ते... तेच जंगू मडावी आहे का?

बायजा : सातबाऱ्यावर तं तेच नाव आहे. काऊन?

गजेंद्र : अरे बाप्पा! मावशी, थोडं पाणी देता का?

बायजा : बसा त्या उलट्या क्रेटावर. चेहरा उतरला तुमचा. हिवाळ्याचं ऊन लागणारा माणूस मी पह्यल्यांदाच पाह्यला. कुठचे तुमी?

गजेंद्र : नालवाडीचा. गजेंद्र नाव माझं. मंडप-डेकोरेशनचं काम आहे. खुर्च्या, स्टेज, कार्पेट, समदं. मावशी, खरं सांगू का? रागावसान नाई न?

बायजा : सांगा तं आधी. रागावाचं का नाई ते मी पाहीन.

गजेंद्र : मले वांगे नाई पाह्यजे.

बायजा : काय? सकाळपासून कंबर मोडली माझी! नाचणगावच्या बाजारात बसली असती तं आत्तापर्यंत घरी पोचली असती. अन् हे बापू म्हणते वांगे नाई पाह्यजे!

गजेंद्र : घेईन, घेईन, समदे घेईन. पण मी त्याच्यासाठी नाई आलो. मी त्यायले पाहाले आलो. एका केटररनं सांगतलं, भरल्या वांग्याले वांगे पाह्यजे असन तं नाचणगावच्या जंगू मडावीचे घेजो. मी जागेवरच थांबलो. म्हटलं, कोण? पुन्हा सांग. जंगू मडावी. हे नाव मी सतरा वर्षाचा असल्यापासून पाठ करून ठेवलं मावशी. कॅसेटीच्या मागं, बारीक अक्षरात, समद्यात खाली. ड्रम्स : जंगू मडावी.

बायजा : चूप बसा. हळू बोला.

गजेंद्र : काऊन?

बायजा : ते नाव काढू नका इथं. ते बॅन्ड, ते ड्रम, ते मुंबई. एकडाव माह्या भावानं मजाकमजाकमध्ये काढलं, तं हा माणूस दोन दिवस जेवला नाई. पाव्हणा होता तरी त्याच्याशी बोलला नाई. लेकीच्या लग्नात संदलचे ढोल वाजत होते, तं हा मांडवाच्या मागं जाऊन भांडे मोजत बसला.

गजेंद्र : पण उद्या शो आहे मावशी! फुफाटा बॅन्डचा शो. वर्ध्यात. स्टेज माझंच आहे. अन् बॅन्डचे गाणारे कुंदनभाऊ, त्यायनं सांगून टाकलं, विदर्भातला हा शेवटचा. घसा गेला त्यायचा. उद्या जर जंगूभाऊ तिथं नसले तं मंग कधीच नाई. फक्त येऊन बसाचं. बाकी काई नाई.

बायजा : हे पाहा, मले मावशी म्हणता अन् त्याले भाऊ म्हणता. आमचं नातं तरी काय लावता तुमी? घ्या, तो येऊन राह्यला. आता काय बोलाचं ते तुमचं तुमी बोला. मी वांग्याचं बोलीन.

जंगू : भरले का क्रेट? गाडी कुठं लावली यायनं?

बायजा : गाडी रस्त्यावर आहे. अन् हे अजून क्रेटावरच आहे.

जंगू : बरं. काट्याचे वांगे आहे, हात सांभाळजा. लग्न कोणाकडं आहे? अरे, अरे, हे काय? पाय कायले धरून राह्यले? उठा. बायजे, याले काय झालं?

बायजा : मले काय विचारता? पाय तुमचे धरले.

गजेंद्र : भाऊ, एक मिनिट. एकच मिनिट राहू द्या. आमचे पोट्टे पाह्यतीन तं म्हणतीन, गज्या, तू खरंच हात लावला? डावा पाय कोणता? डाव्यानं का उजव्यानं मारत होते तुमी तो मोठा ड्रम?

जंगू : कोणी पाठवलं तुले?

गजेंद्र : कोणी नाई पाठवलं. आईची शप्पथ. मी फुफाटाचा माणूस आहो. म्हणजे बॅन्डचा नाई, ऐकणाऱ्यातला. आमी पंचवीस-तीस लोक आहो वर्ध्याचे. एक बँकेत आहे, दोघं मास्तर आहे, एक पोलिसात आहे. समद्यायले पोट सुटले, पण फुफाटा कुठंही असो, आमी गाडी करून जातो. तुमचं ते गाणं...

जंगू : वांगे घे अन् जा बाबू. माझं कोणतं गाणं नाई.

गजेंद्र : ‘सत्तेचाळीस डिग्री’ तुमचं नाई?

जंगू : नाई. ते दुसऱ्या कोणी वाजवलं.

गजेंद्र : कोणी दुसऱ्या?

जंगू : मुंबईचा असन कोणी. नाव नाई माहीत. मी निघून आलो मंग त्यायनं आणला.

गजेंद्र : भाऊ, तुमी मजाक करून राह्यले का?

बायजा : हा माणूस मजाक करत नाई. त्याले येतच नाई.

जंगू : पाह्य, तू लांबून आला. पाणी पेलं, पायही धरले. आता ऐकून घे अन् मंग जाजो. मी ते गाणं खराब केलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी. एक दिवसच भेटला होता तो स्टुडिओ. गार खोली होती, कानावर ते मोठे हेडफोन. समदं ठीक चाललं होतं. अन् मधातच कुंदन ओरडला. गाण्यात नव्हतं ते. कधी प्रॅक्टिसमध्येही ओरडला नव्हता. तो ओरडला अन् माझा हात थांबला.

गजेंद्र : थांबला.

जंगू : दोन्ही हात वर. पायही थांबला. मी थांबलो तं गिटारवालेही गडबडले, तेही थांबले. समदी खोली चूप. मंग माझ्या ध्यानात आलं, आपण कुठं आहो. मी पुन्हा सुरू केलं. गाणं संपलं. काचेच्या मागून तो रेकॉर्डिंगवाला असा बोलला, का आजही कानात आहे. म्हणे, हा कोणता जंगली आणला, उद्या दुसरा माणूस बोलावून घेतो.

गजेंद्र : पण काऊन थांबला हात?

जंगू : तू नालवाडीचा न? पोळा पाह्यला का?

गजेंद्र : दरसाल पाह्यतो.

जंगू : बैल तोरणाखाली उभे राहते. ढोल वाजते. अन् झडती म्हणाले कोणी उभा राह्यला का?

गजेंद्र : का ढोल थांबते. तो गडी हात वर करते, जोरात ओरडते, दोन-चार ओळी मारते, कोण्या मालकाची खेचते, लोक हसते. मंग पुन्हा ढोल.

जंगू : आमच्या गावचा ढोल माझ्या बापाकडं होता. मी आठ वर्षाचा असल्यापासून त्याच्या बाजूले. त्याचं एकच सांगणं राहे. माणूस ओरडला का हात थांबला पाह्यजे. त्याची झडती होऊ दे. एकडाव मी वाजवतच राह्यलो तं भर पोळ्यात कानाखाली मारली होती त्यानं. पुढं मी पुलगावच्या ऑर्केस्ट्रात गेलो, मंग नागपूरले कुंदनसंग गेलो, ड्रमवर बसलो. पण हात तोच होता न. कुंदन ओरडला, अन् हाताले वाटलं पोळा आहे.

बायजा : हे तुमी मले कधी नाई सांगतलं.

जंगू : काय सांगू? का मुंबईत जाऊन मी ढोलवाल्या पोट्ट्यासारखा चुकलो? चार पोरायचे पैसे लागले होते त्या दिवसात. कोणी मले वाईट बोललं नाई. कुंदन तं बोललाच नाई, बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा होता. म्हटलं, आता यायले मले ‘तू नको’ म्हणाची पाळी कायले आणाची? काड्या तिथंच ठेवल्या. संध्याकाळची गाडी धरली. सकाळी पुलगावले उतरलो.

गजेंद्र : अन् मंग? गाणं कधीच नाई ऐकलं? एकडावही नाई?

जंगू : आमच्याकडं कुठं होता टेप? अन् पुलगावात कोण्या दुकानात फुफाटा वाजत असला तं मी रस्ता बदलत जाओ.

बायजा : तो एक आलता न एकडाव. तुमी मुंबईवरून आले, त्याच्या पंधरा-वीस दिवसात. तवा तुरी कमरेच्या वर होत्या. हा माणूस तुरीत जाऊन बसला, अन् मले म्हणे, सांग, नांदेडले गेले.

जंगू : कुंदन आलता तो.

बायजा : धुऱ्यावरच बसून राह्यला बिचारा, अंधार पडतपर्यंत. मी भाकर अन् वांग्याची भाजी देल्ली. जेवताजेवता डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं त्याच्या. मी म्हटलं तिखट लागलं. शहरातला टकला माणूस, त्याले कुठं आपलं तिखट सोसते.

जंगू : टकला? कुंदनचे केस खांद्यापर्यंत होते.

बायजा : मी पाह्यला तवा तासलेलं डोकं होतं. म्हटलं, या बॅन्डवाल्यायची फॅशन असन.

गजेंद्र : थांबा. थांबा मावशी. भाऊ, तुमी बसा. नाई, बसाच तुमी. मी सांगतो ते उभ्यानं ऐकाचं नाई.

जंगू : मले काम आहे.

गजेंद्र : सांबार कुठं पळून नाई जात. भाऊ, दुसरा कोणी माणूस आलाच नाई. कॅसेटमध्ये तुमीच आहा. तुमी थांबले ते तसंच्या तसं आहे.

जंगू : तसं कसं असन? कोणी चूक कॅसेटमध्ये ठेवते का?

गजेंद्र : ऐका. मी काईच बोलत नाई. हे ऐका.

(गजेंद्र मोबाइल वांग्याच्या क्रेटला टेकवून उभा करतो. गाणं सुरू होतं.)

बायजा : किती जोरात आहे हे! पाखरं उडाले धुऱ्यावरचे.

गजेंद्र : मावशी, हे खालचं ऐका. धड-धड होऊन राह्यलं ते. ते भाऊ आहे.

बायजा : हे? हे तुमी वाजवून राह्यले?

जंगू : हा पाय माझा आहे.

बायजा : अगं माय!

जंगू : थोडा मागं आहे. मी मागंच ठेवत जाओ तो. कुंदन म्हणे, ओढून ठेव, ओढून ठेव, जसं बैल जुंपलेला आहे. हा माझाच पाय आहे.

बायजा : अवो, लग्न होऊन आली तवा तुमी नागपूरले. परत आले तं हात लावला नाई. मी तं तुमाले फक्त डबा बडवतानी पाह्यलं, डुकरं हाकलाले. मले काय माहीत तुमी असं करत होते? माझ्या आंगावर काटा आला पाहा. हात लावून पाहा!

गजेंद्र : आता. आता ऐका भाऊ. येऊन राह्यलं.

जंगू : ...

गजेंद्र : ओरडले.

बायजा : ...

गजेंद्र : अन् हे पुन्हा सुरू. ऐकलं?

जंगू : इतका वेळ थांबलो होतो मी? मले वाटे, एक श्वास असन. हे तं लय झालं.

गजेंद्र : याले काय म्हणते माहीत आहे? आमी लोकं याले ‘जंगूची जागा’ म्हणतो. नागपूर, अमरावती, अकोला, पुण्यालेही तेच म्हणते. नवा माणूस आला का त्याले सांगा लागते, पाह्य बाबू, आता जंगूची जागा येईन, मोबाइल खाली ठेव, शिटी मारू नको. यवतमाळचा एक पोट्टा आहे, त्यानं दंडावर गोंदून घेतली.

बायजा : काय गोंदलं?

गजेंद्र : दोन काळ्या रेघा, अन् मधात मोकळी जागा.

बायजा : मोकळी जागा कशी गोंदते?

गजेंद्र : त्याच्या बायकोनंही हेच इचारलं. आमच्यातला एक मास्तर म्हणते, उन्हात माणूस चक्कर येऊन पडते न, तवा कानात जसं समदं बंद होते, ते जंगूनं दाखवलं. दुसरा म्हणते, नाई, ते लोडशेडिंग आहे. याच्यावर दोघायचं भांडण झालं अन् सहा महिने बोलचाल बंद.

जंगू : मी काई नाई दाखवलं.

गजेंद्र : ते आता समजलं न! अजून एक ऐका. हे मागच्या साली अमरावतीचं आहे, मीच घेतलं. मैदान गच्च भरलं होतं. हे पाहा, हे कुंदनभाऊ. पांढरे झाले. अन् हा मागं नवा ड्रमवाला, चांगला पोरगा आहे. आता पाहा.

बायजा : किती माणसं आहे! यात्रा आहे का काय?

जंगू : नाचून राह्यले.

गजेंद्र : दहा-बारा हजार तं सहज असन. आता. आता ओरडतीन.

बायजा : ... अवो, बंद पडला वाटते. मोबाइल बंद पडला तुमचा.

गजेंद्र : नाई पडला मावशी.

बायजा : आवाज गेला न समदा.

गजेंद्र : आवाज नाई गेला. ते लोकं आहे. चूप आहे.

बायजा : इतके लोकं?

गजेंद्र : इतके.

बायजा : एकही खोकलत नाई?

गजेंद्र : लेकरू रडत असलं तं माय पदराखाली घेते. पाणी विकणारा पोट्टा जागेवर उभा राहते. अन् ड्रमवाल्याकडं पाहा भाऊ. दोन्ही काड्या वर. तुमच्यासारख्या. त्याले कोणी शिकवलं नाई, तुमचा एक जुना फोटो आहे त्यावरून धरल्या त्यानं.

जंगू : पुन्हा लाव.

गजेंद्र : समदं गाणं?

जंगू : नाई. तेवढंच.

बायजा : देवा! आपल्या गावात मयतीतही इतके चूप नाई राहत लोकं.

गजेंद्र : भाऊ, मी रोज डीजेच्या बाजूले उभा राह्यतो. लग्न, वरात, मिरवणूक. भिंती हलते, छातीत धडधडते, घरी आलो तरी कान वाजतच राह्यते. मले जी शांतता भेटते न, ती तेवढीच. मी सतरा वर्षाचा होतो, खुर्च्यायच्या गोदामात बसून पह्यल्यांदा ऐकलं. बापानं मारलं होतं त्या दिवशी, फेल झालतो. हे गाणं लावलं, ते थांबलं, अन् मले वाटलं कोणीतरी माझ्यासाठी थांबलं. काऊन वाटलं ते आजपर्यंत नाई समजलं. पण वाटलं.

जंगू : यायनं काऊन ठेवली पण ती जागा? रेकॉर्डिंगवाला तं उद्या दुसरा आणतो म्हणे.

गजेंद्र : तेच सांगाचं आहे. म्हणून तुमाले बसवलं. मावशीनं आत्ता ते डोक्याचं सांगतलं, तं समदं जुळलं. भाऊ, त्या दिवशी सकाळी कुंदनभाऊंनी एसटीडी बूथवरून घरी फोन केलता. त्यायचे वडील गेले होते.

जंगू : कवा?

गजेंद्र : त्याच पहाटे. नागपूरले. गाडी संध्याकाळची. स्टुडिओ त्या दिवसापुरताच. कोणाले सांगतलं तं समदे रडतीन, गाणं राहून जाईन, पोरायचे पैसे बुडतीन. म्हणून कोणाले सांगतलंच नाई. हेडफोन लावला अन् गाले लागले. मधात सहन नाई झालं. ओरडले.

जंगू : तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

गजेंद्र : इतके वर्षं हे कोणाले माहीत नव्हतं. मागच्या साली या अमरावतीच्या शोमध्ये पह्यल्यांदा बोलले. गाणं झाल्यावर. मी कानानं ऐकलं. म्हणे, लोकं मले विचारते, ती जागा काय आहे. मी त्या दिवशी ओरडलो. अन् माझा एक माणूस थांबला. त्याले काई माहीत नव्हतं, तरी तो थांबला. म्हणे, रेकॉर्डिंगवाल्याशी मी भांडलो, का गाणं जाईन तं असंच जाईन. अन् ज्यानं ऐकून घेतलं तोच निघून गेला. मी त्याच्या गावी गेलतो, भेटला नाई.

बायजा : म्हणून डोकं तासलं होतं. अन् मी म्हटलं फॅशन! मी त्याले हसली हो मनातल्या मनात. अन् वरून म्हटलं, पाणी घ्या, तिखट लागलं तुमाले.

जंगू : मी तुरीत होतो. पाह्यला नाई मी त्याले. पाह्यलाच नाई. पाठ करून बसलो होतो. पाह्यला असता तं डोकं दिसलं असतं.

बायजा : राहू द्या आता.

गजेंद्र : उद्या या भाऊ. काई वाजवाचं नाई, स्टेजवर चढाचं नाई. फक्त बसाचं.

जंगू : कसा येऊ? तू सांग, मी कसा येऊ? ते हजारो लोकं समजते का जंगू लय मोठा, त्यानं जाणूनबुजून थांबवलं. मी चुकलो होतो. चुकून थांबलो. तिथं जाऊन बसलो तं खोटा बसल्यासारखा होईन. तुझा तो मास्तर विचारन, भाऊ, चक्कर होती का लोडशेडिंग? मी काय सांगू? पोळा होता?

गजेंद्र : पोळा!

जंगू : पाह्यलं? तुलेही वाईट वाटलं.

गजेंद्र : वाईट नाई वाटलं भाऊ. मले दुसरंच वाटून राह्यलं. मी इतके वर्षं त्या मैदानात हात वर करून उभा राह्यतो. पुण्याचे पोट्टे उभे राहते, ज्यायनं बैल फक्त मोबाइलात पाह्यला. हजारो लोकं. अन् आमी समदे पोळ्यात उभे होतो. तुमच्या बाजूले. ढोल थांबला होता, अन् आमाले माहीतच नव्हतं का आपण कायले चूप आहो.

जंगू : माझा बाप म्हणे, ढोल कोणालेही वाजवता येते.

गजेंद्र : अन् थांबाचं?

जंगू : त्यासाठी कानाखाली खा लागते.

बायजा : हसला! गजेंद्र बापू, हा माणूस हसला. लिहून ठेवा कुठंतरी.

जंगू : बायजे, तो पांढरा सदरा कुठं आहे?

बायजा : कोणता? लेकीच्या लग्नातला? पेटीत आहे. आता तुमच्या पोटावर नाई बसत तो.

जंगू : खालचं बटण उघडं ठेवीन.

गजेंद्र : भाऊ! येता तुमी? खरं बोलून राह्यले? मी समोरची रांग मोकळी ठेवतो. सोफा टाकतो. लाल कार्पेट टाकतो, नवं आहे, अजून पेटीतून काढलं नाई.

जंगू : सोफा-बिफा काई नाई. मागं. फाटकाजवळ. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. कोणाले सांगाचं नाई. तुझ्या त्या तीस लोकायलेही नाई.

गजेंद्र : पोट फुटन माझं.

जंगू : फुटू दे. गाणं झालं का मंग कुंदनले भेटीन. त्याच्या बापाचं बोलाचं राह्यलं. तेवढंच बोलीन अन् येईन.

बायजा : अन् हे चाळीस किलो वांगे? ते काय पुन्हा झाडाले लावू?

गजेंद्र : घेऊन जातो मावशी. उद्या बॅन्डचं जेवण माझ्याकडंच आहे.

बायजा : मंग तुमच्या आचाऱ्याले नका देऊ. कुंदनची भाजी मी करून आणीन. डब्यात. तिखट कमी टाकीन.

जंगू : कमी नको टाकू. तवाही ते तिखट नव्हतं.

बायजा : हो. खरं आहे. तसंच करीन, तवासारखंच.

गजेंद्र : मी चार वाजता गाडी पाठवतो. नाई, मीच येतो. पाठवलेली गाडी आली नाई तं मी काय करीन? मीच येतो.

बायजा : येजा. अन् हे क्रेट उचला आता, दोघं धरा. अवो, एक सांगा मले. मले ते गाणं-बिनं समजत नाई. समदे चूप होतीन, अन् मी एकटीच काहीतरी बोलून जाईन, तं लोकं म्हणतीन, ही कोण बाई आली. मले कसं समजन का आता ती जागा आली?

जंगू : समजते. कुंदन ओरडन.

बायजा : अन् मंग मी काय करू?

जंगू : काई नाई. त्याचं ऐकून घेजो.